घर विकणे आहे: कोणाच्या शब्दांत?

इंग्लंडमध्ये घर विकावयास काढले की एजंटाकडून एक पत्रक तयार होते. खोल्यांची लांबीरुंदी, छायाचित्रे, तळमजल्याचा व माडीचा नकाशा, आणि ह्या सर्वांच्या वर चार-सहा ओळींचा एक गद्य उतारा. ह्या उताऱ्यास वाङ्मयप्रकार म्हणून कोणी मान्यता दिलेली नाही. तथापि त्याचे संकेत पक्के आहेत आणि वाचकही ते जाणून असतो. 'दिसते त्याहून ऐसपैस' याचा अर्थ लहान. 'व्यक्तिमत्त्व असलेले' म्हणजे उंच माणसाचे कपाळ तुळईला लागणार. 'सुधारणेस वाव' म्हणजे छप्पर गळते. आपल्याकडचे 'स्टेशनपासून पाच मिनिटे' हेही त्याच कुळातले. कोणाची पाच मिनिटे, हे जाहिरातीत सांगावयाचे नसते. शैलीविज्ञानाच्या तासाला असा एखादा उतारा फळ्यावर लिहून द्यावा, असे आम्हांस पुष्कळदा वाटत आले आहे.

सफोक परगण्यातील एका खेड्यात आमचे घर होते. २०२३ साली ते विकण्याची वेळ आली, आणि हा प्रकार आम्हांला वाचक म्हणून नव्हे तर सहलेखक म्हणून हाताळावा लागला. तेव्हा जो प्रश्न पडला तो इथल्या प्रत्येक विक्रेत्याला हल्ली पडतो: घर ऑनलाइन एजंटाकडे द्यावे, की हाय स्ट्रीटवरच्या, म्हणजे जवळच्या बाजारगावात दुकान थाटून बसलेल्या, जुन्या पद्धतीच्या एजंटाकडे? हा प्रश्न बहुधा पैशांचा म्हणून विचारला जातो. तो मुख्यतः कथनाचा प्रश्न आहे, असे आमचे मत झाले. पण पैशांचे आधी सांगून टाकणे बरे, कारण तेवढ्यासाठी ताटकळलेला वाचक पुढचे वाचत नाही.

हाय स्ट्रीटवरचा एजंट विक्रीच्या किमतीवर टक्केवारी घेतो, आणि ती व्यवहार पुरा झाल्यावर. ऑनलाइन एजंटाची पारंपरिक रीत अशी की ठरावीक रक्कम आगाऊ घ्यावयाची; घर विकले गेले नाही तरी ती परत मिळत नाही. आमच्या घराची किंमत सुमारे चार लाख पौंड धरली गेली होती. दीड टक्का म्हणजे सहा हजार, त्यावर २० टक्के व्हॅट म्हणजे आणखी बाराशे. एकूण सात हजार दोनशे पौंड. ऑनलाइन कंपनीने सांगितलेला आकडा दीड हजारांच्या आत होता. फरक डोळ्यांत भरण्याजोगा आहे, आणि आमच्यासारख्या मास्तरकीवर जगलेल्या माणसांच्या डोळ्यांत तर तो सलतोच.

ह्या फरकावरच ऑनलाइन एजंटांचा उदय झाला. पर्पलब्रिक्स ही त्यांतली सर्वांत गाजलेली कंपनी २०१२ साली स्थापन झाली आणि २०१४ मध्ये तिने प्रत्यक्ष काम सुरू केले. तिच्या जाहिरातींतून एक जोडशब्द लोकांच्या तोंडी आला: 'कमिशन' आणि 'मिझरी' यांची सांधेजोड करून 'कमिझरी', म्हणजे दलाली दिल्याचे दुःख. शब्द चांगला होता. धंदा मात्र तितका टिकला नाही. २०२३ च्या मे महिन्यात ही कंपनी स्ट्राइक नावाच्या दुसऱ्या कंपनीने अवघ्या एका पौंडाला विकत घेण्याचे ठरवले. (आमचा ज्या ऑनलाइन कंपनीशी संबंध आला ती निराळी, तिचे नाव इथे प्रस्तुत नाही.)

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांस माहीत नसते. घर शोधणारा माणूस आज कोणत्याही एजंटाच्या दुकानात आधी जात नाही. तो राइटमूव्हवर जातो. चार मोठ्या एजंट कंपन्यांनी मिळून २००० साली सुरू केलेले हे संकेतस्थळ. त्यावर घरमालकाला स्वतः आपले घर टाकता येत नाही, एजंटच हवा. म्हणजे ऑनलाइन एजंटाला दिलेले पैसे हे बऱ्याच अंशी त्या दरवाजातून आत जाण्याचे तिकीट असते. आणि आत गेल्यावर, हाय स्ट्रीटवरच्याचे घर आणि ऑनलाइनवाल्याचे घर शेजारी शेजारी, सारख्याच चौकटीत बसते. मग सहा हजार पौंड अधिक द्यावयाचे ते कशासाठी?

'टक्केवारी घेणारा अधिक किंमत मिळवून देतो' हे नेहमीचे उत्तर आम्हांला पटत नाही. किंमत दहा हजारांनी वाढली तर त्याच्या पदरात दीड टक्क्याने दीडशे पौंड पडतात. तेवढ्यासाठी तो महिनाभर का थांबेल? अमेरिकेत स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हरसन यांनी शिकागो परिसरातील विक्रींचा अभ्यास करून २००८ साली प्रसिद्ध केला. एजंट जेव्हा स्वतःचे घर विकतात तेव्हा ते सुमारे साडेनऊ दिवस अधिक बाजारात ठेवतात आणि सुमारे ३.७ टक्के अधिक किंमत घेतात, असे त्यांना आढळले. दुसऱ्याच्या घराबाबत एवढा धीर त्यांना नसतो. तेव्हा कमिशनमुळे निष्ठा विकत मिळते, ह्या भ्रमात कोणी राहू नये. चेकॉव्हच्या 'चेरी ऑर्चर्ड'मध्ये बागेचे काय करावे याचा सर्वांत शहाणा सल्ला लोपाखिन देतो, आणि लिलावात बाग घेतो तोही लोपाखिनच. इंग्लंडच्या १९७९ च्या इस्टेट एजंट कायद्यात, एजंटाचा व्यवहारात स्वतःचा काही हितसंबंध असेल तर तो उघड करावा, असे कलम आहे. हे कलम वाचताना आम्हांला ते नाटक आठवल्यावाचून राहत नाही.

तरीही आम्ही हाय स्ट्रीटवरच्या एजंटाकडे गेलो. त्याचे कारण एक पायवाट.

आमचे घर शेतमजुरांसाठी बांधलेल्या चार घरांच्या ओळीतले, दुसरे. मागे बाग. पहिल्या घरात एक आजीबाई राहतात. त्यांच्या मागच्या दारापासून गल्लीपर्यंत जावयाचे तर आमच्या बागेतून, स्वयंपाकघराच्या खिडकीखालून जावे लागते. कचऱ्याचा डबा, पूर्वी कोळशाची पोती, आता सरपण, सारे त्याच वाटेने. अशा ओळींमध्ये ही गोष्ट फार सामान्य आहे. आम्ही तिथे राहावयास गेलो त्या दिवसापासून त्या जातात, आणि आमच्या आधीही जात असत. त्यांनी आम्हांला कधी विचारले नाही, आणि आम्ही कधी अडवले नाही.

ऑनलाइन कंपनीकडे आम्ही आधी चौकशी केली होती, पैशांच्याच लोभाने. त्यांचा अर्ज भरावयास वीस मिनिटे पुरली. त्यात एक प्रश्न होता: मालमत्तेवरून इतर कोणाचा जाण्यायेण्याचा हक्क आहे काय? पुढे दोन चौकोन, होय आणि नाही. आम्ही 'होय' केले. दोन दिवसांनी मसुदा आला, त्यात बागेचे वर्णन 'शांत, संपूर्ण खासगी' असे होते. आम्ही लिहून कळवले. उत्तर आले, सही निराळ्या नावाची. दुरुस्त मसुद्यात 'संपूर्ण' गेले होते, 'खासगी' तसेच. पुन्हा लिहिले, तिसऱ्या माणसाने कळवले की हक्काची नोंद अर्जात घेतलेली असल्याने वर्णनात तिची आवश्यकता नाही. ह्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. ज्यांनी घर पाहिले नव्हते अशा सज्जनांनी चौकोनावरून वाक्य तयार केले होते, इतकेच.

बाजारगावातला एजंट आला तो एका पावसाळी दुपारी. साठी ओलांडलेला, बूट दाराबाहेर काढून ठेवणारा (इंग्रजांत हे दुर्मीळ). तो स्वयंपाकघरात उभा असतानाच आजीबाई डबा ओढत खिडकीखालून गेल्या. त्याने हात हलवला, त्यांनीही हलवला. मग आमच्याकडे वळून तो म्हणाला, की ह्या घराच्या विक्रीत खरा प्रश्न हाच आहे. ह्याच ओळीतली दोन घरे त्याने पूर्वी विकली होती, आणि आमच्या आधीच्या मालकांना आमचे घर विकणाराही तोच होता. त्या व्यवहाराच्या वेळीही ही वाट वहिवाटीची होती, हे त्याला स्पष्ट आठवत होते.

ही आठवण किती मोलाची, ते कळण्यास थोडा कायदा सांगितला पाहिजे. इंग्लंडमध्ये वीस वर्षे अखंड, उघडपणे, जबरदस्तीवाचून आणि परवानगीवाचून एखाद्या वाटेचा वापर झाला तर त्या वापराचा हक्क होऊ शकतो. १८३२ च्या कायद्यापर्यंत याची मुळे मागे जातात. गंमत 'परवानगीवाचून' ह्या शब्दात आहे. मालकाने परवानगी दिली असेल, तर कितीही वर्षे गेली तरी ती कृपाच राहते, हक्क होत नाही. चांगुलपणाने 'या हो खुशाल' म्हणणारा शेजारी हक्काची वाट बंद करतो, आणि कपाळाला आठ्या घालून गप्प बसणारा ती उघडी ठेवतो. नीतिकथेच्या नेमके उलट.

आता, सौदा ठरला की विक्रेत्याला वकिलामार्फत टीए-६ नावाचा तपशील-अर्ज भरून द्यावा लागतो. शेजाऱ्यांशी वाद, कुंपणे कोणाची, कोण कुठून जातो. त्यात आम्ही 'शेजारीण आमच्या परवानगीने जाते' असे लिहिले असते तर खरेदीदार सुखावला असता, घराला कदाचित चार पैसे अधिक मिळाले असते, आणि पुढच्या मालकाच्या हाती आजीबाईंविरुद्ध वापरता येईल असा एक कागद आला असता. 'हक्काने जाते' लिहिले तर गिऱ्हाईक बिचकण्याची भीती. एका शब्दाचा फरक. आमच्या आयुष्यातील सारे शब्दप्रेम ह्या एका रिकाम्या ओळीपुढे येऊन उभे राहिले, असे म्हटल्यास ते नाटकी वाटेल. पण त्या रात्री झोप आली नाही, हे खरे.

ह्या एजंटाचे देवत्व सांगण्याचा आमचा हेतू नाही. त्याने पहिल्या भेटीत जी किंमत सांगितली ती फुगवलेली होती. घर आपल्या हाती यावे म्हणून असा आकडा सांगून पुढे तो हळूहळू उतरवीत नेणे, ही ह्या धंद्यातील जुनी चाल आहे. त्याच्या करारपत्रात 'एकमेव विक्री-अधिकार' असे शब्द होते. त्यांचा अर्थ असा की गिऱ्हाईक आम्ही स्वतः शोधून आणले तरी कमिशन त्यालाच. 'एकमेव एजन्सी' आणि 'एकमेव विक्री-अधिकार' ह्या दोन पदांतला फरक न वाचताच पुष्कळ लोक सही करतात. आम्ही तो शब्द बदलून घेतला, मुदत सोळा आठवड्यांवरून दहावर आणली, आणि मगच सही केली. खेड्यातले घर विकणाऱ्या कोणासही आमचा पहिला सल्ला हाच राहील: माणूस पाहा, पण कागद वाचा. इंग्लंडमध्ये इस्टेट एजंट होण्यास परवाना लागत नाही, परीक्षाही नाही. तक्रारनिवारण योजनेचे सदस्यत्व मात्र सक्तीचे आहे.

आणखी एक. वाटेचा उल्लेख पत्रकात करू नये, घर दाखविताना तोंडी सांगू, असे त्यानेही प्रथम सुचविलेच. इथे आमचा त्याच्याशी खटका उडाला. १९९१ साली मालमत्तेच्या खोट्या वर्णनाविषयी ब्रिटनमध्ये स्वतंत्र कायदा झाला होता. तो खोटे लिहिण्याला दंड करी, पण मौनाला हात लावीत नसे. २००८ च्या ग्राहकसंरक्षण नियमांनी मौनही कक्षेत आणले: खरेदीदाराचा निर्णय बदलेल अशी गोष्ट दडवणे हाही अपराध ठरला. जुना कायदा २०१३ मध्ये रद्द झाला, आणि २००८ च्या नियमांची जागा २०२५ च्या एप्रिलपासून नव्या कायद्याने घेतली, तरी हे तत्त्व कायम आहे. समीक्षेत अनुक्त अर्थाला आपण केव्हाचे महत्त्व देत आलो. कायद्याला तिथे पोहोचण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. असो. हे त्याला आम्ही असे सांगितले नाही. रॉय ब्रुक्सचे नाव घेतले, आणि तो हसला.

रॉय ब्रुक्स हा लंडनच्या चेल्सीतला इस्टेट एजंट. १९५० व ६० च्या दशकांत रविवारच्या वर्तमानपत्रांतील त्याच्या जाहिराती लोक करमणुकीसाठी वाचत, कारण घरातले सगळे दोष तो चवीने, कधीकधी वाढवूनच, सांगे. ओल, घाण, आधीच्या भाडेकरूंच्या सवयी, काही सुटत नसे. घरे विकली जात. पुढे ह्या जाहिरातींची पुस्तके निघाली. सत्य सांगण्याचा हा विक्रेत्यांतला एक अपवादात्मक संप्रदाय, आणि त्याचे रहस्य साधे आहे: दोष ज्याने स्वतः सांगितले त्याच्या गुणवर्णनावर वाचकाचा विश्वास बसतो. अविश्वसनीय निवेदक ही संकल्पना शिकविताना उलट बाजूचे उदाहरण म्हणून ब्रुक्स चालेल.

मग आम्ही तिघांनी बसून उतारा लिहिला. आमच्या मागणीवरून एक वाक्य आले: शेजारच्या घराला मागच्या बागेतून पायी जाण्याचा वहिवाटीचा हक्क असून तो दररोज वापरला जातो. 'दररोज' हा शब्द एजंटाचा. तो म्हणाला, अर्धवट सांगितले तर लोक त्याहून वाईट कल्पना करतात. हा शब्द कोणत्याही चौकोनातून निघाला नसता.

इथे फॉर्स्टरच्या 'हॉवर्ड्‌स एंड'ची आठवण येणे अपरिहार्य आहे. १९१० सालच्या त्या कादंबरीचा आरंभ घराच्या वर्णनाने होतो, तोही हेलनने बहिणीला लिहिलेल्या पत्रात. दिवाणखान्यातून कुठे जाता येते, वर किती खोल्या, बाहेरचे मोठे झाड बाग आणि कुरण यांच्या सीमेवर कसे उभे आहे. एजंटाच्या पत्रकातील सगळा मजकूर तिथे आहे, शिवाय लिहिणारी त्या घरात हिंडते आहे. पुढे घराची मालकीण मरताना पेन्सिलीने एक चिठ्ठी लिहिते, की घर मार्गारेटला मिळावे. चिठ्ठीला कायद्याचे बळ नाही. नवरा आणि मुले ती जाळून टाकतात. मराठीत घराची मोठी शोकांतिका बहुधा वाटणीतून येते. एलकुंचवारांचा 'वाडा चिरेबंदी' हे चटकन आठवणारे उदाहरण. इंग्रजी कादंबरीत ती हस्तांतरणातून येते. घर कोणाचे आहे आणि कोणाच्या नावावर आहे, ह्यांतील अंतर कोणत्याच अर्जात मावत नाही. पण अंतर आहे हे ओळखणारा माणूस मध्ये असला, तर चिठ्ठी निदान लगेच जाळली जात नाही.

ऑनलाइन एजंट निरुपयोगी, असा याचा अर्थ आम्ही करीत नाही. शहराच्या कडेला एकाच बिल्डरने बांधलेल्या ऐंशी सारख्या घरांपैकी एक विकावयाचे असेल, तर शेजारचे घर कितीला गेले हे सर्वांस ठाऊक असते, वर्णनाची गरज नसते, आणि सहा हजार पौंड हे दोन माणसांच्या भारतवारीचे विमानभाडे सहज असते. तिथे आम्हीही ऑनलाइनच गेलो असतो. खेड्यातले जुने घर मात्र कशासारखेच नसते. सेप्टिक टँक कोठे सांडतो (२०२० पासून तो थेट ओढ्यात सोडता येत नाही), तेलाची टाकी कोणाच्या जमिनीत आहे, घर संरक्षित यादीत असेल तर तीस वर्षांपूर्वी कोणी परवानगीवाचून बदललेली खिडकी आता कोणाच्या गळ्यात पडणार (नव्या मालकाच्या), ह्या प्रत्येक गोष्टीमागे एक गोष्ट असते. त्या सांगण्यास सांगणारा लागतो. इंग्लंडमध्ये किंमत ठरल्यानंतरही करारपत्रांची अदलाबदल होईपर्यंत दोन्ही पक्ष मोकळे असतात. ह्या मधल्या आठवड्यांत सौदे मोडतात, आणि त्या काळात फोन उचलणारा तोच माणूस असणे, याचेच बरेचसे पैसे आम्ही मोजले.

त्या वाक्यामुळे घर पाहण्याच्या दोन भेटी रद्द झाल्या, असे एजंटाने कळविले. तिसरे जोडपे आले. त्यांनी आधी बाग पाहिली, मग घर. मागितलेल्या किमतीहून नऊ हजार पौंड कमी देऊ केले, आणि आम्ही ते स्वीकारले. टीए-६ च्या त्या ओळीत आम्ही 'हक्काने' असे लिहिले. त्यांच्या वकिलाने दोन पत्रे लिहून 'परवानगीने' हा शब्द चालेल का, असे विचारले. आमच्या एजंटाने जुन्या विक्रीच्या वेळची आपली टिपणे शोधून पाठविली, आणि तिसरे पत्र आले नाही.

पत्रकाची छापील प्रत आम्ही आजीबाईंना नेऊन दिली होती. त्यांनी चश्मा लावून ती दोनदा वाचली. वहिवाटीच्या वाक्यावर त्या काही बोलल्या नाहीत. नकाशावर बोट ठेवून एवढेच म्हणाल्या, की वाट पश्चिमेच्या कुंपणालगत दाखवली आहे, ती पूर्वेच्या कुंपणालगत आहे. एजंटाने दुसऱ्या दिवशी पत्रक पुन्हा छापून आणले.